बाटली सोडून वडी

केसांची निगा हा विषय एका निवृत्त शिक्षकाने हाती घ्यावा, याचे पुष्कळ वाचकांस, आणि विशेषतः भगिनीवर्गास, हसू येईल. त्यातून आमच्या मस्तकाची सद्यःस्थिती पाहता या विषयातील आमचा अधिकार कितपत उरला आहे, हे आमच्या घरचे शेंडेफळही सांगू शकेल. तथापि दोन वर्षांपूर्वी याच बाबतीत आमच्या हातून घरात एक चूक घडली. तिची शिक्षा आम्हास न होता आमच्या नातीस झाली. आणि ज्या अर्धवट ज्ञानातून ती चूक उद्भवली, ते आज अनेक सुशिक्षित घरांत सुखाने नांदत आहे, असे आमच्या पाहण्यात येते. यास्तव हा लेखनप्रपंच.

सांप्रत बाटलीतील पातळ शांपू सोडून शांपूची घट्ट वडी वापरण्याकडे लोकांचा कल होऊ लागला आहे. प्लास्टिकची बाटली नको, नाना द्रव्यांचा मारा नको, आणि डोक्याची त्वचा निरोगी राहावी, अशी तीन कारणे त्यासाठी सांगण्यात येतात. तिन्ही हेतू उत्तम आहेत. परंतु हेतू उत्तम असला म्हणजे साधनही उत्तमच असते असे नाही. आणि 'वडी' या एकाच नावाखाली बाजारात दोन सर्वस्वी भिन्न पदार्थ विकले जातात, ही गोष्ट घेणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. आम्हासही ती नव्हती.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगू. आमचे बालपण वाईस, कृष्णेच्या काठी, गेले. घरातील बायकांचे न्हाणे म्हणजे त्या काळी एक लहानसा समारंभच असे. आदल्या रात्री शिकेकाई भिजत पडे. सकाळी तीत रिठा, आवळकाठी, संत्र्याची वाळलेली साल घालून पातेले चुलीवर चढे. बंबातले पाणी तापे. आणि आमची आजी एकेका नातीस पुढ्यात बसवून तिचे डोके चोळी. शिकेकाई डोळ्यांत गेल्याचा आक्रोश चार घरांपलीकडे ऐकू जाई. शिकेकाईच्या शेंगांत व रिठ्याच्या टरफलांत सॅपोनिन नावाचे फेस आणणारे द्रव्य असते. रिठ्यास संस्कृतात 'फेनिल' म्हणतात, ते याच गुणावरून. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट असते, एवढे मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

गंमत अशी की, 'शांपू' हा शब्द विलायती वाटला तरी मूळचा इकडचाच. हिंदीत 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. त्यावरून तो इंग्रजांनी उचलला. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले शेख दीन मुहंमद इंग्लंडात गेले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी १८१४ च्या सुमारास त्यांनी स्नानगृह काढले, आणि तेथे ते लोकांचे अंग चेपून देत. पुढे राजा चौथा जॉर्ज व चौथा विल्यम यांचे 'शांपूइंग सर्जन' म्हणून त्यांची नेमणूक झाली. तात्पर्य, आरंभी शांपू ही वस्तू नव्हती, क्रिया होती. बाटलीत भरता येईल असे तीत काही नव्हते. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दास मागाहून चिकटला. बर्लिनचे हान्स श्वार्त्सकॉफ यांनी १९०३ साली शांपूची पूड विकावयास काढली. त्यांच्या कंपनीने १९२७ साली पातळ शांपू आणला. आणि अमेरिकेत १९३४ साली 'ड्रीन' या नावाने साबणावाचून फेस आणणारा शांपू निघाला. आपल्याकडे तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शांपू लहानशा पुडीत घालून विकण्याची युक्ती काढली, आणि १९८० नंतरच्या दशकात त्यांच्या मुलांनी ती खेड्यापाड्यांत पोहोचवली. म्हणजे जी बाटली आज आपणास सनातन वाटते, तिचे वय फार मोठे नाही. तिच्यावाचून चालत होते, तसे पुढेही चालेल. प्रश्न इतकाच की, तिच्या जागी काय ठेवावयाचे?

आता आमच्या घरची हकीकत. आमची नात त्या वेळी नववीत होती. केस कमरेपर्यंत व दाट. तिच्या आजीचा तो अभिमानाचा विषय. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी तिच्या डोक्यास खाज सुटू लागली, गणवेशाच्या निळ्या कापडावर कोंडा दिसू लागला, आणि केसांच्या कडेने त्वचा लाल झाली. वर्गात ती आपण होऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसते, हे तिच्या वर्गाच्या बाईंकडून कळले. घरात चर्चा झाली. बाटलीतल्या रसायनांचा हा प्रताप आहे, असा निकाल आम्ही दिला. आणि निकाल देण्याची आमची पस्तीस वर्षांची सवय सर्वांस ठाऊक असल्यामुळे त्यावर कोणी अपील केले नाही.

एका गृहोद्योगाने केलेली वडी आम्ही मागवली. खोबरेल, एरंडेल व कडुनिंब यांची ती होती, वेष्टन कागदाचे, त्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक, रसायनमुक्त' अशी अक्षरे. आम्हास मोठे समाधान वाटले. प्लास्टिक गेले, कृत्रिम द्रव्ये गेली, आणि घर पुनः पूर्वजांच्या वाटेस लागले, असे आम्ही पानावर बसल्या बसल्या बोलूनही दाखवले.

पहिल्याच न्हाण्यानंतर मुलीचे केस चिकट झाले. वाळल्यावर ते निस्तेज व जड दिसू लागले. फणीच्या दातांत पांढरट मेणासारखे काही साचू लागले. वडीबरोबर आलेल्या पत्रकात याचे उत्तर तयार होते: डोक्यास रसायनांची सवय लागलेली असते, ती विषे बाहेर पडावयास सहा आठवडे लागतात, तोवर धीर धरावा. धीर धरण्याचा उपदेश करावयास शिक्षकास निराळे शिकावे लागत नाही. सूनबाई एकदा हळूच म्हणाल्या, "मामंजी, तिची खाज वाढली आहे. एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" आम्ही म्हटले, "सहा आठवडे लिहिले आहेत. चार तर झाले." नात काही बोलली नाही. आम्ही उठण्यापूर्वी पहाटे उठून ती नुसत्या पाण्याने डोके धुऊन घेत असे, हे आम्हास पुढे कळले.

पाचव्या आठवड्यात एके सायंकाळी ती मैत्रिणीकडून परतली, ती मानेपर्यंत केस कापूनच. आजीने हातातले ताट खाली ठेवले. कोणी रागावले नाही, कोणी काही विचारले नाही. मुलगी इतकेच म्हणाली, "आजोबा, मला नाही धीर धरता आला." दोष तिच्या धीराचा नव्हता, पण तसे तिला सांगावयास त्या क्षणी आमच्या तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्वतः तिला घेऊन साताऱ्यास त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी मुलीचे डोके पाहिले, आणि पहिला प्रश्न आम्हास केला: "घरी पाणी कुठले वापरता?" पाच आठवड्यांत हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता. आमच्या लहानपणी घरात कृष्णेचे पाणी येई. पुढे आम्ही गावाबाहेर नवे घर बांधले, आणि तेथे न्हाण्याधुण्यास बोअरचे पाणी आहे. भांड्यांवर त्याचे पांढरे डाग पडतात, बंबाच्या आत त्याची खापरी धरते. हे आम्ही रोज पाहत होतो.

बाईंनी मग दोन गोष्टी समजावून सांगितल्या. पहिली कोंड्याविषयी. कोंडा म्हणजे मळ नव्हे, आणि तो अस्वच्छतेचा पुरावाही नव्हे. मॅलॅसेझिया नावाची एक सूक्ष्म बुरशी बहुतेक सर्व माणसांच्या डोक्यावर वास करून असते. त्वचेतून स्रवणाऱ्या तेलावर तिचा निर्वाह चालतो, आणि ते तेल पचविताना जी मेदाम्ले मागे उरतात, ती काही जणांच्या त्वचेस सोसत नाहीत. त्या त्वचेस दाह होतो, ती भराभर सुटू लागते, आणि तिचे पापुद्रे म्हणजे कोंडा. मुलगी वयात येताना हे तेल वाढते, म्हणून त्या वयात कोंडाही वाढतो. यावर कीटोकोनाझोल हे बुरशीनाशक घातलेला औषधी शांपू आठवड्यातून दोनदा लावून, काही मिनिटे तसाच ठेवून, मग धुवावा, असे त्यांनी लिहून दिले. तो शांपू बाटलीतलाच होता. आम्ही तो मुकाट्याने घेतला.

दुसरी गोष्ट वडीविषयी. त्या म्हणाल्या, "ही शांपूची वडी नाही, गुरुजी. हा साबण आहे. याने कोंडा झाला नाही. पण होता तो चिडला, आणि उपचाराला महिना उशीर झाला."

या वाक्याचा अर्थ आम्हास घरी आल्यावर उमगला, आणि तो उमगण्यास निमित्त झाली हळद. ती वडी कोणीतरी न्हाणीघरातून स्वयंपाकघराच्या मोरीवर आणून ठेवली होती. आमच्या सौभाग्यवतींनी हळदीचे हात तिने धुतले, आणि बोटे लालभडक झाली. नात जवळच उभी होती. ती म्हणाली, "आजी, कुंकू!"

हळदीच्या डागास साबण लावला म्हणजे तो लाल होतो, हे कोणत्या घरी ठाऊक नाही? कुंकू करतात तेही हळदीवर चुना, टाकणखार अशा एखाद्या खाराची क्रिया करूनच. शाळेच्या पुस्तकात ज्यास आम्लारी म्हणतात, त्याचा स्पर्श होताच हळद तांबडी होते. आम्लात ती पिवळीच राहते. लिटमसचा कागद जे सांगतो, तेच आपल्या मिसळणाच्या डब्यातील हळद सांगते. आयुष्यभर आम्ही मुलांस लिटमस दाखविला, आणि घरातील साक्षीदारास मात्र कधी पाचारण केले नाही!

आम्लता व आम्लारिता मोजण्याचे माप म्हणजे सामू, अर्थात पी. एच. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दसपट. निरोगी डोक्याच्या त्वचेचा सामू सुमारे ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्ल असते. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगाने झालेला साबण, मग तो कितीही मोलाच्या तेलाचा असो, स्वभावतःच आम्लारी असतो. त्याचा सामू ९ ते १० भरतो. ५.५ आणि ९.५ यांत अंतर चारच पायऱ्यांचे दिसते. पण दसपटीने मोजता ते दहा हजारपट होते. केसाच्या अंगावर सूक्ष्म खवले असतात. छपरावरच्या कौलांप्रमाणे ते एकावर एक बसलेले असतात. आम्लारी पाण्यात केस फुगतो व ही कौले उचलली जातात. मग केस केसात अडकतो, खरखरीत लागतो व तुटतो. त्वचेचेही संरक्षक तेल अधिक निघून जाते, आणि आधीच दुखावलेली त्वचा अधिक चुरचुरते. शिकेकाईचे आंबटसर पाणी आमच्या आजीच्या पिढीस का मानवले, याचा उलगडा आम्हास इतक्या वर्षांनी झाला. आम्ही ज्यास पूर्वजांची वाट समजत होतो, ती मुळी त्यांची वाटच नव्हती. त्यांच्या पातेल्यात साबण नव्हता.

आता चिकटपणाचे कारण. श्रावणाचे दिवस होते. नातीने एका बाटलीत पागोळीचे पाणी धरले, दुसरीत बोअरचे घेतले, आणि दोन्हींत त्या वडीचा सारखाच कीस घालून बाटल्या हलवल्या. पागोळीच्या पाण्यावर चार बोटे फेस आला. बोअरच्या पाण्यात फेस नाममात्र. पाणी मात्र दह्याच्या निवळीसारखे झाले व वर पांढरे कण तरंगू लागले. जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारी साय तयार होते. तीच बादलीच्या कडेस बसते, आणि तीच मुलीच्या केसांवर व डोक्यावर थरावर थर बसत गेली. पत्रकात जिला विषे म्हटले होते, ती ही साय. सहा आठवडेच काय, सहा वर्षे धीर धरला असता तरी ती हटली नसती. उलट प्रत्येक न्हाण्यागणिक वाढली असती. बाटलीतल्या त्या सायीकडे पाहत आम्ही नातीस म्हटले, "चूक आमची झाली, बाळ." ती म्हणाली, "मग आता दुसरी वडी आणून बघू या?" तरुण मन किती लवकर क्षमा करते, आणि त्याहून लवकर प्रयोगास लागते!

येथे मुख्य मुद्दा सांगावयाचा तो हा. वड्यांची दुसरी जात साबणाची नव्हे. तिला सिंडेट म्हणतात. बाटलीतल्या शांपूत जी फेसक द्रव्ये असतात, त्याच जातीची द्रव्ये घट्ट दाबून ती वडी करतात. हा शोध आजचा नाही. अमेरिकेत १९५७ साली निघालेली 'डव्ह' ही अंगाची वडी याच कुळातली. केसांसाठी अशा वड्या इंग्लंडात १९८० नंतरच्या दशकात तयार झाल्या आणि तेथून जगभर पसरल्या. यांत बहुधा सोडियम कोकॉइल आयसेथियोनेट नावाचे द्रव्य मुख्य असते. नाव भयंकर खरे. परंतु त्याचा मेदभाग बहुतेक खोबरेलातूनच येतो, ते जड पाण्यात साय धरत नाही, आणि त्याची वडी त्वचेच्या सामूजवळ राखता येते. उलटपक्षी 'रसायनमुक्त' म्हणून मिरविणारा साबण कॉस्टिक सोड्यावाचून होतच नाही. रसायनाशिवाय साबण म्हणजे विस्तवाशिवाय भाकरी! तेव्हा नैसर्गिक आणि कृत्रिम हा वाद येथे निरर्थक आहे. प्रश्न इतकाच विचारावा: ही वडी माझ्या त्वचेस व माझ्या घरच्या पाण्यास मानवेल काय?

दोन जाती ओळखाव्या कशा? वेष्टनावर घटकांची यादी छापलेली असते. तीत सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम ऑलिव्हेट अशी नावे आरंभीच आली, 'सॅपोनिफाइड' हा शब्द आढळला, किंवा टी. एफ. एम. म्हणून टक्केवारी दिलेली असली, तर तो साबण समजावा, मग त्यावर शिकेकाईचे चित्र का असेना. यादी वाचता येत नसल्यास हळदीस विचारावे. स्वच्छ पांढऱ्या कापडाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवावी, आणि वडीचा फेस तिच्यावर टाकावा. पट्टी तांबूस झाली तर साबण. पिवळी राहिली तर बहुधा सिंडेट. आणखी एक कसोटी: वडीचे पाणी करून त्यात लिंबू पिळावे. साबणाचे पाणी फाटते, कारण आम्लामुळे त्यातील मेद मोकळा होतो. सिंडेटचे फाटत नाही. मात्र हळद पिवळी राहिली म्हणजे वडी सौम्यच आहे, असे मानू नये. सोडियम लॉरिल सल्फेटसारखी तेल फार ओढून घेणारी द्रव्ये हळदीस लाल करीत नाहीत. ज्यांची त्वचा कोरडी वा नाजूक आहे, त्यांनी यादीत ती आरंभीच असल्यास विचार करावा.

मग पातळ शांपूपेक्षा सिंडेटच्या वडीत अधिक ते काय? पहिली गोष्ट, पातळ शांपूत निम्म्याहून कितीतरी अधिक भाग पाणीच असते, आणि जेथे पाणी तेथे जंतू. म्हणून त्यात परिरक्षक द्रव्ये घालावीच लागतात. त्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन या द्रव्याने अनेकांच्या त्वचेस ॲलर्जी होते असे आढळल्यावरून अमेरिकेतील त्वचादाहतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्यास 'वर्षातील ॲलर्जन' ठरविले. आणि युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यास मनाई करून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्याचे प्रमाण अत्यल्प ठेवले आहे. कोरड्या वडीत जंतूंस थारा कमी, म्हणून अशा द्रव्यांची गरज फार थोडी किंवा मुळीच नसते. ज्यांस त्यांची बाधा होते, त्यांस हा लाभ मोठा आहे. दुसरी गोष्ट, बाटलीतून ओंजळीत किती पडावे यास धरबंद नसतो. वडी दोन-तीनदा फिरविली की पुरे होते. तिसरी, बाटल्यांचा व पुड्यांचा कचरा घरातून जातो. मात्र बाटलीतले सर्वच शांपू वाईट, असे समजण्याचे कारण नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका पाहणीत १२३ शांपूंचा सामू मोजला, तो ३.५ पासून ९ पर्यंत सर्व प्रकारचा निघाला. गुण आकारात नसतो, घटनेत असतो. ज्याची बाटली त्यास मानवली आहे, त्याने केवळ शेजाऱ्याने सोडली म्हणून ती सोडू नये.

वडी वापरण्याची रीत थोडी निराळी आहे. केस प्रथम पुष्कळ पाण्याने भिजवावे. वडी ओल्या हातांत घोळून फेस काढावा, किंवा डोक्यावरून केसांच्या दिशेने दोन-तीनदा फिरवावी. गोल गोल घासून गुंता करू नये. मग फेस बोटांच्या पेरांनी त्वचेस चोळावा, नखांनी नव्हे. धुवावयाचे ते मुख्यतः डोके. केसांच्या टोकांस वाहून जाणारा फेस पुरतो. पाणी कोमट असावे. ऊन पाणी अंगास बळ देते पण डोक्यावर घेतल्यास केस व डोळे यांचे बळ हरते, असे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत सांगून ठेवले आहे. शेवटी पाणी भरपूर घ्यावे, कारण फेस मागे राहिला तर उत्तम वडीही खाज आणते. वडी जाळीच्या तबकडीत, पाण्याच्या धारेपासून दूर, कोरडी राहील अशी ठेवावी; नाहीतर आठ दिवसांत तिचा चिखल होतो. एकत्र कुटुंबात वडीचे सुरीने तुकडे करून ज्याचा त्याने निराळा ठेवावा. फण्याही निराळ्या असाव्या.

तेलाविषयी दोन शब्द. न्हाण्यापूर्वी केसांस खोबरेल लावण्याची आपली चाल शहाणपणाची आहे. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, धुताना केसातून जी प्रथिने निघून जातात, त्यांची हानी खोबरेलाने कमी झाली. खनिज तेलाने वा सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. पण हे केसांपुरते झाले. डोक्यास कोंडा असता रात्रभर तेल थापून ठेवणे म्हणजे त्या बुरशीस जेवण वाढून ठेवणे होय. आमच्या घरी नातीच्या कोंड्यावर पहिला उपाय म्हणून हेच झाले होते, तेही येथे नमूद करतो. आता तेल केसांच्या लांबीस, न्हाण्यापूर्वी तासभर, इतकेच लागते.

आणि अखेरची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वडी हे औषध नव्हे. दोन-तीन आठवड्यांत खाज न थांबली, त्वचेवर जाड चकत्या आल्या, पू वा रक्त दिसले, मुलाच्या डोक्यावर केस जाऊन वाटोळे डाग पडले, तर वडी बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. मुलांच्या डोक्याचा गजकर्ण पोटातून औषध घेतल्यावाचून बरा होत नाही. नवी वस्तू वापरताना त्रास वाढत असेल, तर तो 'विषे बाहेर पडण्याचा' मानून सोसू नये आणि दुसऱ्यास, विशेषतः आपल्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या लहानांस, सोसावयास लावू नये. वडीलधाऱ्यांच्या शब्दास घरात मान असतो. म्हणूनच तो शब्द तपासून काढण्याचे ओझेही वडीलधाऱ्यांवरच असते. हा धडा आम्हास सूनबाईंचे एकदा ऐकले असते तर स्वस्तात मिळाला असता.

औषधी शांपूने चार आठवड्यांत नातीची खाज थांबली व कोंडा उतरला. पुढे तिने सिंडेटची वडी स्वतः पाहून, यादी वाचून आणली. कोंडा पुनः डोकावला की डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे औषधी शांपूकडे काही दिवस वळते, आणि परत वडीकडे येते. घरातील इतरांपैकी तिच्या आईने व काकूने वडी घेतली. आजी शिकेकाईवरच आहेत, आणि त्यांस ती मानवते. आमच्या चिरंजीवांची बाटली अद्याप चालू आहे. चार जणांची चार साधने एका न्हाणीघरात सुखाने राहतात.

केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. या दोन वर्षांत नातीचे केस पाठीच्या मध्यापर्यंत आले आहेत, आणि पुढे ते वाढवावयाचे की कापावयाचे, हे तिचे ती ठरवील. त्यावर आता घरात कोणी निकाल देत नाही. मोरीजवळच्या फळीवर तिने एक डबी ठेवली आहे, तीत हळदीत बुडवून वाळवलेल्या कापडाच्या पट्ट्या आहेत. मागल्या महिन्यात एका प्रदर्शनातून आम्ही एक सुगंधी वडी मोठ्या हौसेने घेऊन आलो. तिने वेष्टन सोडले, फेस काढला, पट्टीवर थेंब टाकला, आणि आम्हास दाखविला. पट्टी तांबडी झाली होती.

"आजोबा," ती म्हणाली, "ही हात धुवायला ठेवू या."

आम्ही ती हात धुवावयास ठेवली आहे.